बाद झाल्यानंतरचं बोलणं

माधव मंत्री दादरच्या हिंदू कॉलनीत राहायचे. भारताकडून चार कसोटी खेळलेले यष्टिरक्षक, मुंबईचे कर्णधार, शिस्तीला करडे. त्यांच्या घरी भारताच्या टोप्या आणि स्वेटर होते आणि त्यांचा एक भाचा आला की त्या कपड्यांवरून त्याची नजर हलत नसे. एकदा त्या पोराने धीर केला. मामांकडे एवढे आहेत, तर त्यातला एक आपण घेऊ का, असं विचारलं. मामांनी दिला नाही. भारताचे रंग मागून मिळत नाहीत, ते घाम गाळून मिळवावे लागतात, असं त्यांनी प्रेमाने पण ठामपणे सांगितलं. हा प्रसंग भाच्याच्या इतका लक्षात राहिला की 'सनी डेज' या आत्मचरित्रात सुनील गावसकरांनी तो आवर्जून लिहिला. तोवर स्वतःचा स्वेटर त्यांनी मिळवलेला होता. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमधल्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा करून.

गावसकरांच्या घरात क्रिकेट शिकवणारे हात बरेच होते. आई मीनल घरातच टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करायच्या आणि एकदा मुलाचा फटका थेट त्यांच्या नाकावर बसून रक्त आलं, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. पण मामांनी दिलेला नकार वेगळ्या जातीचा होता. परक्याने नाही म्हटलं असतं तर पोराला तो अपमान वाटला असता. मामा नाही म्हणाले तेव्हा त्यामागे 'तूही मिळवशील' हे न बोललेलं वाक्य होतं, आणि ते त्या वयातही ऐकू आलं असणार.

आज आयुष्यात कुठे अडकल्यासारखं वाटलं तर पैसे मोजून लाइफ कोच मिळतो. त्याच्या तासाचे दर ठरलेले असतात. त्यातली काही माणसं मनापासून चांगलं काम करतात, हे मी जवळून पाहिलं आहे. आपल्या घरांमधून हेच काम पिढ्यान्‌पिढ्या एखादा मामा, थोरला भाऊ, आत्या किंवा काकू करत आली आणि त्याची नोंद कुठेच राहिली नाही. मुंबईच्या क्रिकेटमध्ये मात्र ती राहिली, कारण खेळाडूंनी स्वतः लिहून आणि बोलून ती जपली. घरातल्या मार्गदर्शकाचं मोठेपण तो काय शिकवतो यापेक्षा काय दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि सोपवून झाल्यावर कशासाठी शिल्लक राहतो, यात असतं असं मला वाटतं. अजित तेंडुलकरची गोष्ट मला त्यासाठी पुन्हा सांगावीशी वाटते. ती आपल्याला माहीत आहे असं आपण धरून चालतो, आणि तिच्यातल्या ज्या जागी थांबायला हवं तिथून भराभर पुढे जातो.

*

वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास ही लेखकांची वसाहत. तिथल्या 'उषःकाल' इमारतीत प्रा. रमेश तेंडुलकरांचं कुटुंब राहायचं. ते कवी, समीक्षक आणि कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक. आई रजनी आयुर्विमा महामंडळात नोकरीला. नितीन, अजित आणि सविता ही वडिलांच्या पहिल्या लग्नातली मुलं, आणि सचिन शेंडेफळ. सचिनच्या लिहिण्याबोलण्यात हा फरक कुठेही डोकावत नाही. अजित त्याच्याहून दहा-एक वर्षांनी मोठा. शाळकरी वयातल्या सचिनला जॉन मॅकेन्रोचं वेड होतं, केस वाढवून, डोक्याला पट्टी बांधून तो कॉलनीत फिरायचा. दंगा तर इतका की शेजारपाजार हैराण.

एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर 'गाइड' लागला होता. सगळी कॉलनी टीव्हीसमोर बसलेली पाहून सचिन आणि त्याचे मित्र आंब्याच्या झाडावर चढले. पुढे तो झाडावरून पडला आणि पकडला गेला. सुट्टीत या पोराला कुठेतरी गुंतवलंच पाहिजे, हे त्या दिवशी अजितने ठरवलं. ही हकीगत सचिनने आत्मचरित्रात सांगितली आहे आणि ती लोकांना आवडते, कारण तिच्यात खोडकरपणा आहे. पण अजितच्या डोक्यात काही त्याआधीपासून शिजत होतं. कॉलनीत रबरी चेंडूने चाललेल्या खेळात त्याने धाकट्या भावाची बॅट चेंडूवर येताना पाहिली होती. आपल्या मैदानावर शेकडो पोरं बॅट फिरवतात. त्यातल्या एकाच्या हाताची लय ओळखायला बघणाऱ्याला स्वतः खेळ कळावा लागतो. अजित खेळलेला होता. आणि हे पोर आपलं आहे म्हणून नव्हे, तर हे पोर खरंच वेगळं खेळतं म्हणून त्याला ते दिसलं. घरच्या माणसाला ही दोन कारणं वेगळी ठेवता येणं अवघड असतं.

त्याने मग सगळ्यात महत्त्वाचा निर्णय घेतला. आपण शिकवायचं नाही. अजित बालमोहन विद्यामंदिरात असताना शारदाश्रमच्या संघाविरुद्ध खेळला होता. रमाकांत आचरेकर सरांची पोरं कशी खेळतात, हे त्याने समोर उभं राहून पाहिलं होतं. १९८४ च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या सचिनला घेऊन तो शिवाजी पार्कला सरांकडे गेला.

पुढचा प्रसंग हजारदा सांगितला गेला आहे, तरी मला तो सावकाश सांगायचा आहे. नेटमध्ये सचिनला संधी मिळाली. सर उभे, बाजूला अनोळखी मुलं, आयुष्यात पहिल्यांदा असा सराव. पोर बावरलं आणि त्याला काही धड खेळता आलं नाही. मुलगा अजून लहान आहे, नंतर आणा, असं सरांचं मत झालं. दुसरा कोणी भाऊ असता तर ओशाळून मुलाला घेऊन परतला असता, किंवा वाटेत त्याला बोल लावले असते. अजितने सरांना विनंती केली, आणखी एकदा बघा, पण तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर झाडाआड गेले. आपल्यावर कोणाचं लक्ष नाही असं वाटल्यावर पोराची बॅट मोकळी सुटली आणि सरांनी त्याला घेतलं.

इथे थांबायला हवं. अजितला त्या क्षणी माहीत होतं की आपला भाऊ खेळू शकतो आणि हेही माहीत होतं की अनोळखी डोळ्यांसमोर तो आक्रसतो. हे दुसरं ज्ञान कोणत्याही प्रशिक्षकाकडे नसतं, पहिल्या दिवशी तर नाहीच. ते एकाच घरात एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवताना येतं. आणि ते ज्ञान वापरायचं म्हणजे आचरेकरांसारख्या माणसाला 'जरा बाजूला व्हा' म्हणायचं. मुंबईत त्या काळी सरांना असं सुचवायला धाडस लागायचं. ते धाडस अजितने स्वतःसाठी बहुधा कधी केलं नसतं.

*

अजितने सोपवलं आणि सरांनी ते काम कसं केलं, हे सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या आणि आयुष्यात एकच प्रथम श्रेणीचा सामना खेळायला मिळालेल्या या माणसाने सचिनला पहिल्या उन्हाळ्यात साठ दिवसांत ५५ सराव सामने खेळवले. सकाळी नेट, दुपारी सामना, संध्याकाळी पुन्हा नेट आणि शेवटी पॅड बांधून पार्काला फेऱ्या. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचं, जो बाद करेल त्याचं, नाहीतर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली. सामना संपला की सर स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. 'छान खेळलास' मात्र कधी म्हणाले नाहीत, पोर सुस्तावेल या भीतीने. १९९० मध्ये सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ ला ते गेले आणि आता शिवाजी पार्कात त्यांचं स्मारक आहे. अजितचं स्मारक असण्याचं काही कारण नाही, आणि त्यालाही ते आवडलं नसतं असा माझा अंदाज आहे.

सरांनी लवकरच सांगितलं की मुलाला शारदाश्रमात घाला. वांद्र्याच्या शाळेत क्रिकेटला तेवढा वाव नव्हता. या निर्णयात वडिलांनी केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते, त्यांनी अकरा वर्षांच्या मुलाला विचारलं आणि त्याच्यावर सोडलं. स्वप्नामागे धाव, पण आडवाटेने जाऊ नकोस, एवढंच सांगितलं. मग वांद्र्याहून ३१५ नंबरची बस सुरू झाली. शेवटच्या सीटवर खिडकीशी बसून यायचं, संध्याकाळी थकून तिथेच डोळा लागायचा. हा प्रवास झेपेना, तेव्हा शिवाजी पार्कजवळ राहणाऱ्या सुरेशकाका आणि मंगलाकाकूंनी पुतण्याला ठेवून घेतलं. चार वर्षं. दमून अर्धवट झोपेत असलेल्या मुलाला काकू भरवायच्या, म्हणजे सकाळी उठून त्याला खेळता येईल. निवृत्तीच्या भाषणात सचिनने हे सांगितलं तेव्हा स्टेडियममधल्या कितीतरी बायकांनी डोळे पुसले असतील. मुलाचं खेळणं म्हणजे रोजचे मळके कपडे आणि अवेळची भूक. हे सगळं कोणाला तरी निभवावंच लागतं आणि ते निभावणाऱ्याचं नाव धावफलकावर येत नाही.

एमआयजी क्लबवरची एक हकीगत सचिन अलीकडे सांगतो. एकेरी विकेटच्या स्पर्धेत दोघे भाऊ समोरासमोर आले. धाकट्याने जिंकावं म्हणून अजित मुद्दाम वाइड आणि नो-बॉल टाकू लागला. अजितला हरवायला नको म्हणून सचिन नुसता चेंडू अडवू लागला. शेवटी अजितने डोळे वटारले, नीट खेळ. मग सचिनला फटके मारावे लागले. या एका नजरेत त्या नात्याचा सगळा करार आहे. माझ्यासाठी कमी खेळायचं नाहीस.

सचिन बॅट खूप खाली, पात्याच्या जवळ धरायचा. ही पकडसुद्धा अजितकडूनच आली, अजाणता. लहानपणी तो मोठ्या भावाची पूर्ण मापाची बॅट घेऊन खेळायचा, ती जड पडायची म्हणून हात आपोआप खाली सरकले. सरांनी पकड बदलून पाहिली, सचिनला ती जमली नाही, आणि जुनीच राहिली. घरातल्या मोठ्यांच्या सवयी लहानांच्या हातात अशाही उतरतात.

*

आता सिडनी. या लेखासाठी मला सगळ्यात जास्त जागा याच गोष्टीला द्यायची होती.

२००३ च्या डिसेंबरात भारत ऑस्ट्रेलियात होता. ब्रिस्बेनला सचिन शून्यावर बाद, ॲडलेडला १ आणि ३७, मेलबर्नला पुन्हा शून्य आणि ४४. पाच डावांत ८२ धावा. द्रविड, सेहवाग, लक्ष्मण, गांगुली सगळे मोठ्या खेळी करत होते आणि सचिनच्या तंत्रात काय बिघडलं यावर देशभर चर्चा चालली होती. पुढचा पाय किती पडला, डोकं कुठे होतं, बॅट कुठून खाली आली. प्रत्येकाकडे उत्तर होतं.

अजितचं उत्तर निराळं होतं. तंत्रात काही बिघडलेलं नाही, कोणता चेंडू खेळायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवताना मनाची शिस्त सुटते आहे, असं त्याने भावाला सांगितलं. आणि एक आव्हान दिलं, सिडनीत बादच व्हायचं नाही. नाबाद राहून दाखव.

या बोलण्यात किती गोष्टी नाहीत ते बघा. कव्हर ड्राइव्ह मारू नकोस, असं अजितने सांगितलं नाही. तो निर्णय सचिनचा. ऑफ स्टंपच्या बाहेरच्या चेंडूवर आपण बाद होतो आहोत, तर तो फटकाच बासनात बांधून ठेवू, हे त्याने स्वतः ठरवलं. आपला सगळ्यात देखणा फटका बाजूला ठेवून जगातला सर्वोत्तम फलंदाज दहा तासांहून अधिक वेळ खेळत राहिला. ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज बाहेर टाकत होते, तो सोडत होता, पायावर आला की मारत होता. लक्ष्मणबरोबर ३५३ धावांची भागी झाली. ४३६ चेंडूंत २४१ नाबाद. भारताने ७ बाद ७०५ वर डाव घोषित केला. दुसऱ्या डावात पुन्हा ६० नाबाद. एका कसोटीत ३०१ धावा आणि एकदाही बाद नाही.

अजितला स्वतःला उच्च दर्जाच्या वेगवान गोलंदाजीचा अनुभव नव्हता. ब्रेट ली किंवा गिलेस्पीचा चेंडू कसा येतो, हे तो भावाला शिकवू शकत नव्हता आणि शिकवायला गेलाही नाही. त्याला माहीत होता तो हा माणूस. हट्टाला पेटला की काय करतो, कोणत्या शब्दाने पेटतो. 'धावा कर' म्हटलं असतं तर दडपण वाढलं असतं. 'नाबाद राहा' म्हटल्यावर खेळाचं मोजमापच बदललं, शतकाचा विचार डोक्यातून गेला आणि पुढचा एक चेंडू उरला. मुंबईच्या मैदानांवर ज्याला 'खडूस' म्हणतात तो बाणा या भावंडांच्या रक्तातच होता. अजितने तो नेमक्या वेळी हाक मारून उठवला.

मी शिक्षकांशी, समुपदेशकांशी या प्रसंगाविषयी बोललो आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांना तो खेळाचा वाटत नाही. दहावीत गणिताने घाबरलेल्या मुलीला तिची मावशी जे सांगते, किंवा धंद्यात खोट बसलेल्या धाकट्या भावाला थोरला जे सांगतो, त्याचाच हा प्रकार आहे. उत्तर माहीत नसलेल्या माणसानेच कधी कधी प्रश्न बरोबर मांडलेला असतो.

तीन वर्षांनी, २००७ च्या विश्वचषकात, भारत बांगलादेशकडून आणि मग श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. सचिनच्या मनात निवृत्तीचे विचार आले, हे त्याने नंतर उघडपणे सांगितलं आहे. व्हिव्ह रिचर्ड्‌सनी त्याला वेस्ट इंडिजहून फोन करून बराच वेळ समजावलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अजितने त्याच दिवसांत जे म्हटलं ते त्यामानाने कमी सांगितलं जातं. २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मुंबईत आहे. तो करंडक हातात घेतलेला तू डोळ्यांसमोर आणून बघ. बस एवढंच. रिचर्ड्‌सचं बोलणं एका महान खेळाडूचं दुसऱ्याला होतं. अजितने भावाला एक तारीख आणि घरापासून फार लांब नसलेलं एक मैदान दिलं. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर काय झालं, ते सांगायची गरज नाही.

*

दोघांचं पटायचंच असं नाही. निवृत्तीच्या भाषणात सचिनने स्पष्ट सांगितलं की तंत्रावरून आमचे पुष्कळ वाद झाले, आणि ते झाले नसते तर मी आहे त्याहून कमी प्रतीचा खेळाडू झालो असतो. अजितने माझ्यासाठी आपली कारकीर्द सोडली, हेही त्याच भाषणात. आणि आणखी एक गोष्ट. शेवटच्या कसोटीत, १५ नोव्हेंबर २०१३ ला, तो देवनारायणच्या गोलंदाजीवर सॅमीच्या हाती झेल देऊन ७४ वर बाद झाला. वेस्ट इंडिजचा संघ ज्या पद्धतीने कोसळत होता ते पाहता भारताला पुन्हा फलंदाजी करावी लागण्याची शक्यता नगण्य होती. तरीही अजितने फोन केला आणि तू बाद कसा झालास यावर बोलला.

लोक याला सवय म्हणतात, सचिननेही तसंच म्हटलं. मला त्यात सवयीहून मोठं काही दिसतं. मुलगा बाद होऊन घरी येतो तेव्हा घराला दोन मोह असतात. एक म्हणजे सांत्वन करणं, अंपायरला नावं ठेवणं, 'जाऊ दे रे' म्हणणं. दुसरा म्हणजे रागावणं. दोन्हींत बोलणं लगेच संपतं. काय झालं ते दोघांनी मिळून बघायचं, चूक कोणाची हे न ठरवता, हे सगळ्यात अवघड. यशाच्या काळातही ते चालू ठेवायचं, हे त्याहून अवघड. अख्खा देश ज्याला देव म्हणत होता त्याला 'तो चेंडू सोडायला हवा होता' असं सांगणारा एक माणूस तीस वर्षं शिल्लक राहिला, याचं श्रेय दोघांचं आहे. सांगणाऱ्याने धारिष्ट सोडलं नाही आणि ऐकणाऱ्याने कान मिटले नाहीत.

अजितने केलेल्या त्यागाविषयी मात्र मला सावधपणे लिहावंसं वाटतं. थोरल्याने धाकट्यासाठी आपलं सोडून द्यायचं, ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे आणि ती नेहमीच सुखाची नसते. पुष्कळ घरांत थोरल्या बहिणींना कोणी विचारलंही नाही. अजितचा त्याग शोभला, कारण त्याची वसुली झाली नाही. त्याने भावाच्या कीर्तीवर स्वतःची पाटी लावली नाही, कॅमेऱ्यासमोर तो क्वचितच दिसला.

दुसऱ्याच्या हाती सोपवण्याच्या बाबतीत गोव्याच्या कुर्डीच्या गायिका मोगूबाईंची गोष्ट इथे आठवते. किशोरीताई आमोणकरांना त्यांनी स्वतः तालीम दिली, आई आणि गुरू एकाच देहात. त्या घरात शिकवण फार कडक होती. पण किशोरीताईंनी अंजनीबाई मालपेकरांसारख्या भेंडीबाजार घराण्याच्या गुरूकडेही शिक्षण घेतलं, इतर घराण्यांतल्या गुरूंकडेही. अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्येच्या मुलीने दुसऱ्यांच्या दारात शिकायला जाणं त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. जिथे शिकवण्याची पूर्ण ताकद घरातच होती तिथेही दार उघडं राहिलं.

*

गेल्या मे महिन्यात सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून होतो. साडेसातलाच उकाडा सुरू झालेला. मैदानात एकाला लागून एक नेट, आणि कट्ट्यावर किटबॅगा सांभाळत बसलेली घरची माणसं. एका आजींच्या पिशवीत स्टीलचा डबा आणि केळी. फोनवर कोणाला तरी नातवाचा स्कोअर मोठ्याने सांगणारे एक गृहस्थ.

माझ्या जवळ विशीतला एक तरुण बसला होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, म्हणजे इथून थेट कामावर जाणार. त्याचा बारा-तेरा वर्षांचा भाऊ सराव सामन्यात लवकर बाद होऊन आला, पॅडसकट कट्ट्याला टेकला आणि खाली बघत राहिला. तरुणाने पाण्याची बाटली पुढे केली. बराच वेळ तो काही बोलला नाही. पॅडचे पट्टे त्यानेच सोडले. मग विचारलं, "हात कुठून आला होता त्याचा?" पोराने मान वर केली, उजवा हात कानाजवळून फिरवून दाखवला, मग जरा बाहेरून. "असा आला. मला वाटलं आत येईल." "मग?" "सरळच राहिला." थोरल्याने नुसती मान हलवली. पोरगा उठून उभा राहिला आणि बॅट नसलेल्या हातांनी तोच चेंडू पुन्हा खेळून बघू लागला, एकदा सोडून, एकदा अडवून. तरुण घड्याळ बघत होता, पण उठला नाही.

मुलींच्या बाबतीत हे चित्र गेल्या काही वर्षांत बदलत गेलं आहे आणि ते सांगताना मला मनापासून आनंद होतो. सांगलीच्या स्मृती मानधनाने बॅट उचलली ती थोरल्या भावाला, श्रवणला, महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघात खेळताना पाहून. वडील तिच्या क्रिकेटचं नियोजन बघायचे, आई आहार आणि कपडे. भाऊ तिला नेटमध्ये गोलंदाजी करत राहिला. राहुल द्रविडने श्रवणला दिलेल्या बॅटने तिने २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत गुजरातविरुद्ध २२४ नाबाद केल्या. भावाला मिळालेली बॅट बहिणीच्या हातात गेली आणि तिथे तिचं सोनं झालं. आपल्या घरांचा इतिहास पाहता ही साधी गोष्ट नाही.

जेमिमा रॉड्रिग्जचं घर भांडुपहून वांद्र्याला आलं ते मुलांना खेळायला चांगल्या सोयी मिळाव्यात म्हणून. वडील इव्हान शाळेत प्रशिक्षक होते, त्यांनी तिथे मुलींचा संघ उभा केला, दोन्ही भाऊ तिच्याबरोबर खेळले. बाप आणि प्रशिक्षक एकच असण्यातले धोके अनेक घरांनी भोगले आहेत, इथे ते निभावलं. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं लक्ष्य गाठताना तिने १२७ नाबाद केल्या. त्यानंतर ती मैदानावरच रडत रडत बोलली. स्पर्धेच्या काळात आपल्याला चिंतेने ग्रासलं होतं, आईला फोन करून आपण रडायचो, तिने ते ऐकून घेतलं. करोडो लोकांसमोर एका खेळाडूने हे सांगितलं, याचं मोल त्या शतकाइतकंच आहे. त्या फोनवर तंत्राबद्दल कोणी काही बोललं नसावं.

*

सचिनचा मुलगा अर्जुन २०२२-२३ च्या मोसमात मुंबई सोडून गोव्याकडून खेळू लागला. वडील या नात्याने सचिनने लोकांना एकच विनंती वारंवार केली, त्याला त्याच्या पद्धतीने खेळावर प्रेम करू द्या. मुलाचे सामने बघायला मैदानावर तो जात नसे. आपल्या असण्याचं दडपण मुलावर येईल, हे त्याला कळत होतं. १६ एप्रिल २०२३ ला अर्जुनने आयपीएलमध्ये पदार्पण केलं तेव्हाही तो ड्रेसिंग रूममध्येच थांबला.

पण डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला रणजी पदार्पणाच्या सामन्यात घडलेली एक गोष्ट सचिनने पुढे एका कार्यक्रमात सांगितली. राजस्थानविरुद्धच्या त्या सामन्यात दिवस संपताना अर्जुन नाइट वॉचमन, म्हणजे रात्रीचा पहारेकरी, म्हणून आला होता आणि चार धावांवर नाबाद होता. संध्याकाळी बाप-लेकाचं बोलणं झालं. किती धावा झाल्या तर बऱ्या, असं अर्जुनने विचारलं. निदान ३७५ तरी हव्यात, असं सचिनने सांगितलं. नक्की का, असं अर्जुनने पुन्हा विचारलं. सचिन म्हणाला की हो, त्यासाठी तुला शतक करावं लागेल. तुला जमेल याची तुझी स्वतःची खात्री आहे का? पहारेकरी म्हणून पाठवलेल्या गोलंदाजाला विचारलेला हा प्रश्न. बॅट कशी धर, पाय कुठे टाक, याचा त्यात शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्जुनने १२० धावा केल्या. समोरच्या टोकाला गोव्याचाच सुयश प्रभुदेसाई होता, त्याचं द्विशतक झालं, आणि गोव्याच्या डावाने पाचशेचा टप्पा ओलांडला.